बाळ झाल्यावर मासेमारीचा छंद: नव्या बाबांचा आहार, वेळ आणि घरातील सुरक्षितता

बाळाच्या लसीकरणाला आई-बाबा दोघे येतात. प्रश्न बहुतेक आई विचारते. दूध पुरते का, ताप आला तर काय करायचे, पुढची तारीख कधी. बाबा मागच्या खुर्चीत पिशवी सांभाळत बसलेले असतात. निघताना मात्र ते दाराशी थांबतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, रविवारी गरवायला गेलो तर चालेल ना?"

किनारपट्टीवर प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न नवीन नाही. गळ टाकून मासे पकडण्याचा छंद रत्नागिरी-मालवणपासून वसईपर्यंत आणि गोव्यातही अनेक तरुणांना असतो. नोकरी बँकेतली असो की गॅरेजमधली, रविवारची भरती त्यांना तोंडपाठ असते. लग्नानंतर हा छंद टिकतो, पण बाळ झाल्यावर अडचण सुरू होते. झोप नाही, वेळ नाही, घरात कुरबुर. वर "बाळाच्या घरात हे माशाचे हात नकोत" असे वडीलधाऱ्यांचे बोलणे.

थोडक्यात उत्तर असे की छंद सोडण्याची गरज नाही. ताजे मासे हा आई, बाबा आणि पुढे बाळ यांच्यासाठीही उत्तम आहार आहे. मात्र तीन गोष्टी बाळ होण्यापूर्वीसारख्या चालणार नाहीत. त्या म्हणजे गळाच्या पिशवीतले शिसे, अपुऱ्या झोपेवर केलेला प्रवास आणि कोणताही मासा कोणालाही वाढणे. यातील शिशाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

बाळ झाल्यावर बाबांचे वजन का वाढते?

गरोदरपणात आईचे वजन वाढते हे सर्वांना माहीत असते. बाबांचेही वाढते, हे कमी लोकांच्या लक्षात येते. अमेरिकेत १०,००० हून अधिक तरुणांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलासोबत एकाच घरात राहणाऱ्या सहा फूट उंचीच्या बाबांचे वजन सरासरी सुमारे २ किलोने वाढलेले दिसले, तर मूल न झालेल्या पुरुषांचे वजन किंचित घटले होते. दोन किलो म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण ते वाढते पोटावर, आणि ज्यांच्या घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा इतिहास आहे त्यांच्यासाठी पोटावरची चरबी ही साधी बाब नाही.

आपल्याकडे याला एक वेगळी किनार आहे. पहिल्या बाळंतपणाला पत्नी माहेरी जाते. बाबा दोन-तीन महिने घरी एकटे असतात. सकाळी वडापाव, दुपारी कँटीन, रात्री हॉटेलातून मागवलेले काहीतरी. याच काळात मित्रांबरोबर मासेमारीच्या फेऱ्याही वाढतात आणि त्याबरोबर फरसाण, थंड पेये, बिअर. मग बाळ घरी येते आणि एकदम उलटे होते. रात्री दोनला जाग, चारला जाग. झोप कमी झाली की भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, गोड आणि तळलेले खावेसे वाटते. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे, अळिवाचे लाडूही येता-जाता तोंडात पडतात. ते तिच्यासाठी आहेत, हे मी प्रत्येक बाबांना हसत पण स्पष्ट सांगतो.

गळाने मासे पकडणे हा व्यायाम आहे का, असेही काही जण विचारतात. धक्क्यावर खुर्ची टाकून बसलात तर नाही. कातळावरून, पुळणीवरून तासभर चालत जाऊन गळ टाकत असाल तर थोडाफार. त्या दिवशीची शिदोरी घरून न्या. भाकरी किंवा पोळीबरोबर कोरडी उसळ, उकडलेली अंडी, भाजलेले चणे-शेंगदाणे, केळी आणि भरपूर पाणी. उन्हात बसून तहान लागते, ती बिअरने भागत नाही. उलट शरीरातले पाणी आणखी कमी होते.

पकडलेला मासा ताटात कसा यावा?

१०० ग्रॅम माशात साधारण १८ ते २० ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. बांगडा, तारली, पेडवे यांसारख्या तेलकट माशांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. ती हृदयासाठी चांगली असतातच, शिवाय बाळाच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीसाठी लागतात. आईने मासे खाल्ले की हे मेदाम्ल तिच्या दुधात उतरते. म्हणजे बाबांनी गळाला लावलेला बांगडा अंगावर पिणाऱ्या बाळापर्यंत पोहोचतो, तो असा.

हृदयासाठी आठवड्यातून किमान दोन वेळा मासे खावेत, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. आपल्याकडे अडचण प्रमाणाची कमी आणि पद्धतीची जास्त आहे. रवा लावून भरपूर तेलात तळलेली तुकडी, त्याबरोबर दोन वाट्या भात, आणि पालेभाजी मात्र नाही. असे ताट रोज झाले तर माशाचा फायदा तेलात जातो. कोकम-तिरफळ घातलेले कालवण, तव्यावर चमचाभर तेलात भाजलेला मासा किंवा केळीच्या पानात वाफवलेला मासा हे चांगले पर्याय आहेत. ताटात लाल माठ, कोबी, काकडी, गाजर यांपैकी काहीतरी हवेच. भात एक वाटी कमी करून भाजी एक वाटी वाढवणे, एवढा एकच बदल बऱ्याच बाबांना पुरतो.

पावसाळ्यात ताजी मासळी कमी होते आणि सुकट, सोडे, खारा बांगडा बाहेर निघतो. खारवलेल्या माशात मीठ फार असते. प्रौढ माणसाने दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा आणि लोणचे यांतच त्याचा मोठा वाटा संपतो. रक्तदाब असणाऱ्यांनी तो चवीपुरताच ठेवावा.

बाळंतिणीने कोणते मासे खावेत, कोणते टाळावेत?

इथे घराघरात दोन टोके दिसतात. काही घरांत बाळंतिणीला सव्वा महिना मासे अजिबात देत नाहीत. काही घरांत उलट, दूध वाढावे म्हणून मोरी, म्हणजे लहान मुशी, मुद्दाम आणून तिचे कालवण देतात. ही समजूत इतकी जुनी आहे की मुशीच्या एका लहान जातीला इंग्रजीत 'मिल्क शार्क' असेच नाव पडले आहे.

मासे पूर्ण बंद करण्याला वैद्यकीय कारण नाही. आईला माशांची ॲलर्जी नसेल तर बाळंतपणानंतर भूक लागेल तेव्हापासून ती मासे खाऊ शकते. मोरीबद्दल मात्र मी सावध राहायला सांगतो. दूध वाढते ते बाळाने वारंवार आणि नीट ओढून प्यायल्याने, आईला पुरेसे अन्न, पाणी आणि विश्रांती मिळाल्याने. आणि मुशी हा इतर मासे खाऊन वाढणारा शिकारी मासा आहे. समुद्रातला पारा लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो. शिकारी मासा जितका मोठा आणि वयाने जास्त, तितका त्याच्या मांसात पारा अधिक. हा पारा आईच्या दुधातून काही प्रमाणात बाळापर्यंत जातो आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला तो घातक असतो. लहान मोरीत मोठ्या मुशीपेक्षा पारा कमी असतो हे खरे. पण तोच पैसा आणि तीच मेहनत बांगड्यावर किंवा तारलीवर खर्च केली तर धोका कमी आणि फायदा जास्त.

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या मातांनी कमी पारा असलेले मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, असा अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. त्यांच्या टाळण्याच्या यादीत शार्क, तलवार मासा आणि किंग मॅकरेल आहेत. किंग मॅकरेल हा आपल्या सुरमईचा जवळचा नातेवाईक. म्हणून मोठ्या सुरमईच्या तुकड्या आईसाठी रोजच्या नसाव्यात. लहान सुरमई कधीतरी खाल्ल्यास घाबरण्याचे कारण नाही. बांगडा, तारली, पेडवे, मांदेली, बोंबील, मुडदुशी, शेवटे, कोळंबी हे लहान मासे निर्धास्त निवडावेत. गळाला तांबोशी किंवा गोबरा लागला आणि तो मोठा असेल तर त्याचा आनंद जरूर घ्या, पण तो सर्वांना वाटून. एकट्या बाळंतिणीला तीन दिवस तोच वाढू नका.

मासा कोणत्या पाण्यातला आहे, हेही पाहायला हवे. बाजारातला मासा कुठून कुठून येतो. तुमचा मासा मात्र दर आठवड्याला एकाच जागेवरचा असतो. ती जागा शहराच्या किंवा कारखान्यांच्या सांडपाण्याजवळ असेल, उदाहरणार्थ ठाण्याची खाडी किंवा माहीमला मिठी नदीचे मुख, तर तिथे छंद म्हणून गळ टाका, पण मासे गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या आईला आणि लहान मुलांना देऊ नका. अशा पाण्यातली कालवे आणि तिसऱ्या तर कोणीच खाऊ नयेत, कारण शिंपल्यांतले जीव पाणी गाळून जगतात आणि त्यातली घाण आपल्यात साठवतात. पाण्याबद्दल खात्री नसेल तर तिथला मासा आठवड्यात एकदाच खावा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा खाऊ नये, असा नियम पाळता येतो.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते का? नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित त्वचाविकार आहे. मासे खाणाऱ्या आईला दूध बंद करणे किंवा दूध पिणाऱ्या आईला मासे बंद करणे, दोन्ही अनावश्यक आहे.

बाळाला पहिला मासा केव्हा?

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करतो, तेव्हा डाळ-भाताबरोबर मासाही देता येतो. ॲलर्जीच्या भीतीने तो वर्षभर लांबवण्याची गरज नाही. मात्र नवा पदार्थ दिवसा द्यावा, आधी चमचाभरच, आणि दोन-तीन दिवस दुसरा नवा पदार्थ देऊ नये. ओठ-डोळे सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या, श्वासाला घरघर असे काही झाले तर लगेच डॉक्टरांकडे जावे. बाळाला तीव्र इसब किंवा आधीची एखादी ॲलर्जी असेल तर सुरुवातीपूर्वीच विचारावे.

काटे हा खरा धोका. मांदेली, तारली यांसारखे बारीक काट्यांचे मासे बाळासाठी नाहीत. जाड मांसाचा तुकडा वाफवा, मग बोटांनी चुरून काटे शोधा. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. काटा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. हे काम बाबांनी करावे असे मी सुचवतो. ज्याने मासा साफ केला आहे, त्याला काटे कुठे आहेत ते ठाऊक असते. बाळाच्या वाट्यात मीठ-मसाला नको. एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मासा, आठवड्यातून दोनदा, पुरेसा होतो.

मोठ्यांच्या घशात काटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळे गिळण्याची आपल्याकडची पद्धत सोडून द्या. काटा आणखी खोल रुततो. रुग्णालयात जाऊन काढून घ्या.

पकडल्यापासून घरी येईपर्यंत

हौशी मासेमारांकडून सर्वांत जास्त होणारी चूक इथे आहे. सकाळी सहाला लागलेला बांगडा बादलीत पडून राहतो, ऊन चढते, मग गाडीच्या डिकीतून अकरा वाजता घरी. बांगडा, कुपा, सुरमई यांसारख्या माशांत उष्णतेने जिवाणू वाढून हिस्टामिन तयार होते. एकदा ते तयार झाले की शिजवून, तळून, व्हिनेगर लावून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत तोंड लाल होते, डोके दुखते, छातीत धडधडते, अंगाला खाज सुटते. अनेकांना वाटते की आपल्याला माशांची ॲलर्जी झाली. बऱ्याचदा मासा बर्फात नव्हता, एवढेच असते.

निघतानाच बर्फाचा डबा न्या. जितके मासे अपेक्षित, तितकाच बर्फ. पकडल्यावर लगेच आतडी-कल्ले काढून मासा बर्फात दाबा. घरी आल्यावर त्याच दिवशी शिजवा, फार तर दुसऱ्या दिवशी. जास्तीचे साफ करून फ्रीजरमध्ये ठेवा. मासे साफ करण्याची जागा आणि बाळाच्या वाट्या-बाटल्या धुण्याची जागा वेगळी ठेवा. एकच मोरी असेल तर आधी बाळाची भांडी, मग मासे, मग साबण-पाण्याने सगळे घासून काढणे, हा क्रम.

केंड मासा गळाला लागला तर सोडून द्या. त्याच्या यकृतात, अंड्यांत आणि कातडीत असणारे विष शिजवून नाहीसे होत नाही. ओठ-जीभ बधिर होण्यापासून सुरुवात होऊन श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. "आमच्याकडे साफ करून खातात" असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका.

गळाच्या पिशवीतले शिसे: बाळासाठी सर्वांत मोठा धोका

गळ पाण्यात खाली जावा म्हणून दोरीला जी वजने लावतात, ती बहुधा शिशाची असतात. बारीक मणी दाताने चावून दोरीवर दाबण्याची सवय अनेकांना असते. काही जण जुने शिसे घरीच वितळवून वजने ओततात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या गॅसच्या शेगडीवरही ते सहज होते. नेमकी तीच शेगडी, जिच्यावर दुसऱ्या दिवशी बाळाची पेज शिजते.

शरीरात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. लहान मुलांचे शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. ते रक्तात, हाडांत आणि मेंदूत पोहोचते. परिणाम एका दिवसात दिसत नाहीत. मूल चिडचिडे होते, भूक मंदावते, पोट दुखते, रक्त कमी होते. पुढे शाळेत लक्ष लागत नाही, आकलन मागे पडते. बहुतेक वेळा शंका कोणालाच येत नाही, आणि मेंदूचे झालेले नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

बाळापर्यंत ते जाते कसे? वजने हाताळलेल्या हातांनी बाळाला उचलले, त्याच हाताचे बोट बाळाने तोंडात घेतले. पँटच्या खिशात वजने होती आणि तीच पँट बाळाच्या दुपट्यांबरोबर धुतली. ओतकामाची बारीक धूळ लादीवर बसली आणि आठ महिन्यांचे रांगणारे बाळ त्या लादीवरून हात फिरवून तोंडात घालते. किंवा सरळ एक चकचकीत वजन सापडले आणि बाळाने गिळले. पोटातल्या आम्लात ते विरघळू लागते. ही तातडीची बाब आहे. शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नये.

यावर उपाय सोपे आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. घरात शिसे वितळवणे आजपासून बंद. अंगणात, पडवीतही नको. दाताने मणी चावू नका, पक्कड वापरा. शक्य असेल तिथे लोखंडाची, पितळेची किंवा दगडाची वजने वापरा. जुने मासेमार भोके पाडलेले दगडच वापरत, त्यामुळे यात काही नवे नाही. पिशवी घरात खालच्या कपाटात न ठेवता कुलूपबंद, उंच जागी किंवा घराबाहेर ठेवा. परत आल्यावर आधी साबणाने हात-तोंड धुवा, कपडे बदला, मग बाळाला घ्या. बाळ "बाबा आले" म्हणून झेपावायला लागते तेव्हा हे दोन मिनिटे थांबणे अवघड जाते. पण थांबा.

याआधी घरात शिसे ओतले असेल तर जागा ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या. कोरडा झाडू मारू नका, धूळ उडते. आणि बाळाच्या डॉक्टरांना हे सांगा. रक्तातील शिशाची तपासणी करता येते. ती ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा त्याहून अधिक आली तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत शिसे जास्त शोषले जाते. त्यामुळे सहा महिन्यांनंतर बाळाला नाचणी, डाळी, अंडे, मासे मिळणे इथेही उपयोगी पडते.

त्याच पिशवीत गळाचे आकडे असतात आणि रात्रीच्या दिव्याच्या छोट्या बॅटऱ्या असतात. चपटी बटणासारखी बॅटरी बाळाने गिळली तर अन्ननलिकेत दोन तासांत खोल भाजू शकते. लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.

झोप, दारू आणि पाणी

सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. रात्रभर बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारलेले बाबा पहाटे चारला मोटरसायकलवरून निघतात, तेव्हा ते एका थेंबाशिवाय त्या मर्यादेपलीकडे असू शकतात. आदल्या रात्री सलग पाच तासही झोप झाली नसेल तर त्या दिवशी जाऊ नये, असा साधा नियम मी माझ्या रुग्णांना घालून देतो.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, शेवाळलेल्या कातळावर उभे राहू नका. एकटे जाऊ नका. होडीत किंवा कातळावर लाइफ जॅकेट घाला, "मला पोहता येते" हे त्याला उत्तर नाही. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम धुऊन तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. या माशांचे विष उष्णतेने निष्प्रभ होते आणि वेदना कमी होतात. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा. काटा आत तुटला असेल, छातीत किंवा पोटात लागला असेल, तर तो ओढू नका, रुग्णालय गाठा. गळाचा आकडा शरीरात खोल गेला तरी हेच. धनुर्वाताची लस घेतल्याची तारीख आठवत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला शेतात उतरणाऱ्यांनी पायाच्या भेगा-जखमा झाकाव्यात. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. पाण्यात उतरल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे आली तर अंगावर काढू नका.

दारूबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. मासेमारीनंतर मित्रांबरोबर घेतली असेल, मग ती कितीही थोडी असो, तर त्या रात्री बाळाशेजारी झोपू नका. दारू घेतलेला माणूस गाढ झोपेत बाळावर कलंडला तरी त्याला कळत नाही. तान्ह्या बाळाचा झोपेत श्वास कोंडून मृत्यू होण्याचा धोका यामुळे वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांनाही हेच लागू.

वेळ कुठून काढायचा?

हा खरे तर वैद्यकीय प्रश्न नाही, पण तपासणीच्या खोलीत तो येतोच. एक जोडपे माझ्यासमोर यावरून चांगलेच भांडले होते. तो म्हणत होता, "महिन्यातून फक्त दोनदा जातो." ती म्हणाली, "आणि मी महिन्यातून किती वेळा बाहेर पडते ते विचारा." तो गप्प झाला. तिचा राग मासेमारीवर नव्हताच. त्याला सुट्टी मिळते आणि तिला मिळत नाही, यावर तो होता.

यावर मला सापडलेला व्यवहार्य मार्ग भरती-ओहोटीच्या तक्त्यात आहे. मासा पाणी हलते तेव्हा घास घेतो, हे प्रत्येक गळवाल्याला माहीत असते. मग अख्खी सकाळ कशाला? भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. महिन्याचा तक्ता समोर ठेवून पत्नीला सोयीच्या वेळी पडणाऱ्या दोन भरत्या आधीच ठरवा, प्रत्येकी प्रवासासह चार तास. आणि तितकेच चार-चार तास तिचेही ठरवा, ज्यात बाळ पूर्णपणे तुमच्याकडे असेल. त्या वेळात ती झोपेल, मैत्रिणीकडे जाईल की काही करणार नाही, हा तिचा प्रश्न. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजायला बाबा शिकू शकतात. आंघोळ घालणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे यांसाठी आईच लागते असे मुळीच नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. तुमच्याकडे अशी रजा असेल तर ती बाळाच्या जवळ घालवा, समुद्रावर नव्हे.

बाबांचे मन

बाळंतपणानंतर आईला नैराश्य येऊ शकते, हे आता हळूहळू बोलले जाते. बाबांनाही येते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणात सुमारे दहापैकी एका बाबांत नैराश्य आढळले आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. आपल्याकडे पत्नी आणि बाळ माहेरून परततात, तो नेमका हाच काळ.

पुरुषांत ते रडण्यातून दिसेलच असे नाही. चिडचिड, कामात लक्ष नसणे, दारू वाढणे, घरी यायला उशीर करणे असे ते दिसते. छंद इथे दोन्ही बाजूंनी बोलका असतो. जो माणूस आधी महिन्यातून दोनदा जायचा तो आता रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतो आणि गळही टाकत नाही. किंवा ज्याचा जीव मासेमारीत होता त्याने रॉड माळ्यावर टाकला आहे आणि विचारले तर "मन लागत नाही" म्हणतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले असेल तर फॅमिली डॉक्टरांशी बोला. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. पत्नीने किंवा आई-वडिलांनी फोन केला तरी चालतो.

तातडीने मदत केव्हा घ्यावी?

बाळाने शिशाचे वजन, आकडा किंवा बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी करवू नका आणि थेट रुग्णालयात जा. मासे खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर होणे, श्वासाला त्रास, चक्कर येऊन पडणे, डोळ्याजवळ गळ लागणे, समुद्राच्या पाण्यात झालेली जखम काही तासांत सुजून काळी-निळी पडणे ही सर्व तातडीची लक्षणे आहेत. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी शेवटच्या लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीसाठी ११२ आणि समुद्रात कोणी अडकले असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. हे तीन क्रमांक निघण्यापूर्वी स्वतःच्या फोनमध्ये आणि पत्नीच्याही फोनमध्ये साठवून ठेवा, आणि कोणत्या जागी जात आहात ते घरी सांगून निघा.